धुक्यातल्या सामन्याचं पान

काका,

जिना झाडायची पाळी या आठवड्यात तुमची होती. ‘केहरवोखे’ची, म्हणजे झाडण्याच्या पाळीची, ती पाटी तुमच्या दाराच्या मुठीला अजून लटकते आहे. मेल्याचं कारणही इथे केहरवोखे चुकवायला पुरत नाही, असं तुम्ही म्हणायचात. ते खरंच निघालं. तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले आणि काल लीना झाडू घेऊन जिन्यात उभी होती. वडिलांची पाळी लेकीने केली. ती खालून वर झाडत चालली होती. वरून खाली यायचं असतं, एवढंही हिला कळत नाही का, असं माझ्या मनात आलं, आणि मग माझाच मला राग आला. तुमच्या-माझ्यासारखी माणसं कुठेही गेली तरी आधी चूकच बघतात.

तुम्ही कुठे जन्मलात, जर्मनीत कधी आलात, कुठल्या हुद्द्यावर निवृत्त झालात, हे सगळं मंडळाच्या पत्रकात येईल. मला ते लिहायचं नाही. मला तुमच्याशी एका पानाबद्दल बोलायचं आहे. कुठल्या, ते तुम्हाला माहीत आहे.

पण आधी ती दिवाळी. गेर्लिंगेनला येऊन मला दोनच महिने झाले होते. मंडळाच्या फराळाला गेले, तर कोपऱ्यात एक म्हातारा चकली कानाजवळ धरून मोडत होता. “मऊ पडलीय,” तुम्ही मला ऐकवलंत, जशी काही मीच ती तळली होती. मग विचारलंत, “काय करतेस?” मी म्हटलं, क्वालिटीत आहे. “म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढतेस. मी जन्मभर तेच केलं. शनिवारी घरी ये. काम आहे.” ना नाव विचारलंत, ना गाव. मी आले ती चहाच्या आशेने. तेव्हा एकटीला शनिवार खायला उठायचा.

काम ऐकून मी उडालेच. डोरीनकाकू इंग्लंडच्या उत्तरेतल्या, एका खाणीच्या गावातल्या. त्यांचे वडील आठवडाभर कोळशाच्या खाणीत आणि शनिवारी दुपारी रग्बी लीगच्या मैदानात. दोन महायुद्धांच्या मधला काळ. गावच्या संघातून ते एकच हंगाम खेळले, मग गुडघा गेला. म्हातारपणी त्यांनी तो हंगाम पेन्सिलीने एका वहीत उतरवून लेकीला दिला. काकूंना ती वही पाठ होती. आणि तुम्हाला ती तपासायची होती. खुद्द सासऱ्यांची वही! प्रत्येक सामन्याला एक पान: तारीख, मैदान, हवा, तेरा खेळाडू, कोणी किती गुण केले. दोन वेगवेगळी वर्तमानपत्रं जुळली तरच पान पक्कं. तळाशी दोन चौकटी, ‘तयार केलं’ आणि ‘तपासलं’. पहिलीत तुमची सही, दुसरीत दुसऱ्या कुणाची तरी. ज्याने केलं त्यानेच तपासलं तर ते तपासणं नव्हेच, हा तुमचा कायदा. त्या दुसऱ्या चौकटीसाठी तुम्ही मला धरलंत.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही सांगलीत हुतूतू खेळलेले, म्हणून तुम्ही सगळं हुतूतूवरून शिकवलंत. “आपल्याकडे धरला की मेला. यांच्यात धरला की उठतो, चेंडू पायाने मागे सारतो, आणि पुढे चालू. पलीकडच्या रेघेपार चेंडू टेकवला की ट्राय. त्या वेळी त्याचे तीन गुण. वर लाथेने गोल मारला की आणखी दोन.” मग स्वयंपाकघरात सोफ्याची उशी पोटाशी धरून तुम्ही मला ट्राय करून दाखवलात, सत्तरी उलटलेला माणूस, फरशीवर आडवा. काकू टेबलापाशी बसून ओरडल्या, “नॉट लाइक दॅट, यू डाफ्ट मॅन!” तुम्हाला उठवायला आम्हा दोघींना हात द्यावा लागला.

आणि तो ईस्टरचा घोळ. वहीत गुड फ्रायडेला एक सामना, शनिवारी दुसरा, सोमवारी तिसरा. मी लाल पेनाने लिहिलं, ‘अशक्य. तारखा चुकल्या असाव्यात.’ तुम्हीही मान डोलावलीत. ते तीन सामने तीन वेगळ्या आठवड्यांत बसवायला आपण सगळा उन्हाळा घालवला. काकू शेजारी बसून लोकर विणत होत्या, त्यांना विचारायचं आपल्याला सुचलंच नाही. सुचलं तेव्हा त्या म्हणाल्या, “शुक्रवारी खेळले, शनिवारी खेळले, सोमवारी खेळले, मंगळवारी पहाटे खाणीत उतरले. त्यात अशक्य काय?” मग मागवलेल्या वर्तमानपत्रांनीही तेच सांगितलं. माणसाच्या अंगाला एवढं झेपणार नाही असं दोन इंजिनियरांना वाटलं, म्हणून त्यांनी कागदालाच खोटं ठरवलं. तुम्ही स्वतःला आणि मला सारख्याच शिव्या घातल्यात आणि वर म्हणालात, “बघ, म्हातारा खोटं लिहीत नाही.” त्या दिवसापासून तुमचा त्या वहीवर फार जीव जडला.

एक गोष्ट मी कधी बोलून दाखवली नाही. माझ्या पहिल्या नोकरीत, शेजारच्या गावातल्या त्या छोट्या कंपनीत, साहेबाने मला अर्धवट चाचणीच्या अहवालावर सही करायला सांगितलं होतं. माल निघायचा होता, माझा व्हिसा त्या नोकरीवर होता आणि मी घाबरले होते. शनिवारी तुमच्याकडे येऊन रडले. तुम्ही साखर ढवळत होतात. “करू नकोस,” म्हणालात. “नोकरी दुसरी मिळेल. सही एकदा खोटी पडली की दुसरी मिळत नाही.” मी सही केली नाही. पुढचे काही महिने ऑफिसात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पण तेव्हापासून मी झोपते ती शांत झोपते. आज मी जी काही आहे, ती त्या एका वाक्यावर उभी आहे, काका. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. माझ्या मनात यायचं आणि मी चकल्यांवर बोलायचे.

तर ते पान.

कागद जसे हाती लागले तशी आपण पानं केली, त्यामुळे सासऱ्यांचा पहिला सामना आपल्याकडे शेवटी आला. नोव्हेंबरातला. वहीत लिहिलं होतं, ‘दाट धुकं. पाच-तीनने जिंकलो. अखेरच्या मिनिटाला कोपऱ्यात माझा ट्राय. कुणाला दिसला नाही, पण चेंडू मी टेकवला.’ काकू ही गोष्ट लीनाला लहानपणी झोपताना सांगायच्या. लीना डोळे मिटून धुक्यात धावायची, असं तुम्हीच सांगितलं होतंत. वर्तमानपत्रं आली. गुण जुळले, धुकं जुळलं. ट्राय मात्र भलत्याच नावावर होता. आणि तुम्ही खूश झालात! त्या काळी क्लब नव्या मुलाला अजमावून बघताना त्याचं खरं नाव छापू देत नसत, एखादं खोटंच नाव टाकत. “हे खोटं नाव म्हणजेच आमचे सासरेबुवा! पहिलाच सामना, अजून करार कुठे होता? गेनाऊ! अगदी बरोबर!” मी म्हटलं, असतील. नसतीलही. त्या नावामागे कोण होतं, हे सांगणारा दुसरा कागद कुठे आहे?

तुम्ही त्या गावच्या वाचनालयाला पत्र लिहिलंत. मी दर शनिवारी विचारायचे. उत्तर आलं नाही, असं तुम्ही सांगायचात. बाकीची सगळी पानं सह्या होऊन फाईलमध्ये गेली. ते एक पारदर्शक पिशवीत, फाईलच्या वर राहिलं.

तोवर काकूंनी अंथरूण धरलं होतं. त्या फाईल मांडीवर घेऊन एकेक पान उलटायच्या. आधी ते वरचं पान उचलून बघायच्या. “व्हॉट्स राँग विद धिस वन, लव्ह?” मी म्हणायचे, काही नाही काकू, एक कागद यायचाय. “येईल,” त्या म्हणायच्या, उलट माझीच समजूत घालायच्या. काकू गेल्या तेव्हा ते पान वरच होतं.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तुम्ही ते माझ्यापुढे ठेवलंत. पहिल्या चौकटीत तुमची सही होती. कधी केली होतीत कुणास ठाऊक.

“आता कर सही.”

“दुसरा पुरावा?”

“वही आहे की.”

“वहीच तर तपासतोय आपण, काका. वहीला वहीचाच पुरावा कसा चालेल?”

“तिला फार वाटायचं, की...”

मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मला चेव आला. मी म्हटलं, “केवढ्या वर्षांनी लिहिलंय त्यांनी ते. लेकीला सांगताना थाप मारली असेल. मारतात माणसं.” ज्या घरातून माणूस जाऊन आठवडा झाला नव्हता, त्या घरात बसून मी तिच्या बापाला थापाड्या म्हटलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागावला नाहीत. “या,” एवढंच म्हणालात, इथली माणसं जर्मनमध्ये ‘हो’ म्हणतात तसं, आणि चहा टाकायला उठलात. चहात त्या दिवशी साखर विसरलात. मी तसाच प्यायले.

त्याला दोन वर्षं झाली. काम तर संपलं होतं, तरी मी येत राहिले. आपण उगाच गुणतक्त्याच्या बेरजा पुन्हा करायचो, जुनी पानं वाचायचो. निघताना मी कोट घालत असले की तुम्ही विचारायचात, “त्या पानाचं काय?” मी म्हणायचे, “दुसरा पुरावा आणा.” पुढेपुढे ते आपलं ठरलेलंच झालं, हसतहसत विचारणं आणि हसतहसत नाही म्हणणं. निदान मी तरी हसत होते. तुम्ही हसत होतात का, ते मी नीट पाहिलं नाही.

शेवटच्या शनिवारी तुम्ही पलंगावर होतात. मी उशा सारख्या केल्या, सूप गरम केलं, तुम्ही दोन चमचे घेतलंत. मी कोट घातला आणि दाराशी जरा रेंगाळले. तुम्ही विचारलं नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं, काका. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं. पुढच्या गुरुवारी सकाळी ड्रेस्डेनहून लीनाचा फोन आला, तिला शेजाऱ्यांनी कळवलं होतं.

काल जिना झाडून झाल्यावर लीनाने मला एक खोका दिला. म्हणाली, हे तुमचं दोघांचं, तूच बघ. वर आपली फाईल होती, तिच्यावर ते पान. आणि खाली एक पातळ फाईल, मी कधी न पाहिलेली. तिच्यात एकच पत्र. वाचनालयातून आलेलं. तिथे जुन्या कागदांचं काम बघणाऱ्या एका बाईंनी मोठ्या आपुलकीने लिहिलेलं. क्लबच्या इतिवृत्तात सगळं स्पष्ट आहे. धुक्यातल्या त्या सामन्यात खोट्या नावाने खेळला तो दुसऱ्याच गावचा मुलगा, पुन्हा कधी आला नाही. तुमचे सासरे त्या दुपारी राखीव संघाबरोबर दुसऱ्या मैदानावर होते. मुख्य संघात ते त्यानंतर तीन आठवड्यांनी आले.

पत्रावरची तारीख काकू जायच्या पाच महिने आधीची आहे.

तुम्ही ते फाडून टाकू शकला असतात. कुणाला कळलं असतं? पण तुम्ही त्याला दोन भोकं पाडलीत, वर तुमच्या त्या ड्रॉइंगच्या अक्षरात क्रमांक घातलात, आपल्या बाकीच्या कागदांच्या ओळीतला पुढचा क्रमांक. आणि समासात पेन्सिलीने लिहिलंत, ‘डोरीनला दाखवायचं नाही.’

मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून ती तारीख पुन्हा वाचली. म्हणजे मी त्या माणसाला थापाड्या म्हटलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी “दुसरा पुरावा आणा” म्हणत होते तेव्हा तो पलीकडच्या कपाटात होता. काकू “येईल” म्हणत होत्या तेव्हा तो येऊन पडला होता. आणि सगळं माहीत असून तुम्ही त्या पानावर सही केली होतीत. तुम्ही! ज्यांनी मी रडत असताना मला सांगितलं, की दुसरी सही मिळत नाही.

मग माझ्याकडे का मागत राहिलात? खोट्याला सोबत हवी होती? की मी अडवावं, असंच आत कुठेतरी वाटत होतं? एकदा तरी सांगायचं होतंत, की बाई, मला सगळं ठाऊक आहे, तरी कर. मी भांडले असते. ओरडले असते. पण मग मी बघितलं असतं की समोर तपासनीस नाही, बायको गेलेला नवरा बसलाय.

राखीव संघांचे निकाल कुठे नीट छापून येत नसत, हे आपल्याला माहीत आहे. त्या दुपारी धुकं त्याही मैदानावर असणार. कदाचित तिथे त्यांनी खरंच चेंडू टेकवला असेल आणि पुढे म्हातारपणी मैदानांची सरमिसळ झाली असेल. बघा, मीसुद्धा कागद नसताना बोलायला लागले.

आज दुपारी लीना तुमच्या टेबलाशी बसून उद्याचं भाषण लिहीत होती. उद्या तुमचा निरोप आहे, दफनभूमीतल्या छोट्या सभागृहात. ती माझं मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते, तुमच्याशी करायची तसंच. मी भांडी पुसत होते. तिने डोकं वर केलं. म्हणाली, आईची ती धुक्याची गोष्ट मी उद्या सांगणार आहे. आजोबा, कोपरा, शेवटचं मिनिट. पापाला ती फार आवडायची. मग तिने विचारलं, “श्टिम्ट दास, मुक्ता? खरं आहे ना ते? तुम्ही दोघांनी सगळं तपासलंय.”

ती पातळ फाईल माझ्या पिशवीत होती, खुर्चीला टांगलेली, तिच्या हाताच्या अंतरावर.

“हो,” मी म्हटलं. “खरं आहे. तपासलंय आम्ही.”

क्षणाचाही विचार केला नाही, काका. तुमच्यापुढे दोन वर्षं केला, तिच्यापुढे केला नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आई नाही, आता बाप नाही, आणि तिला फक्त एक गोष्ट हवी होती. पुरावा कुठे आठवतो अशा वेळी?

लीना रडायला लागली. रडतारडता हसली आणि म्हणाली, “पापाला मी गेल्या दोन वर्षांत कितीदा विचारलं. तो म्हणायचा, मला नको विचारू, मी तर तिचा नवरा, मी हो म्हणणारच. मुक्ताला विचार. मुक्ता तपासल्याशिवाय हो म्हणत नाही.”

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. 

तिने फाईलवरचं ते पान उचललं. उद्या हातात धरून वाचायचंय, म्हणाली. मग तळाशी बोट ठेवून म्हणाली, इथे तुझी सही राहिलीय. पेन तिनेच पुढे केलं.

मी सही केली. तुमच्या सहीच्या शेजारी, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी. सासऱ्यांचा ट्राय आता कागदावर पक्का आहे. ती पातळ फाईल माझ्या घरी राहील. फाडणार नाही. तुम्हालाही ते जमलं नव्हतं.

सही करायला कितीसा वेळ लागतो? नाव लिहायला लागतो तेवढाच. काकूंच्या मांडीवर पान होतं तेव्हा करता आली असती. तुम्ही दाराशी विचारत होतात त्या शंभरेक शनिवारांपैकी कुठल्याही शनिवारी करता आली असती. तुम्ही पान हातात घेतलं असतंत, चष्मा वर करून बघितलं असतंत, आणि काकू गेल्यानंतर एकदा तरी मोकळं हसला असतात. तुम्ही माझ्या खरेपणावर एवढा भरवसा ठेवलात, काका, आणि मी त्याचा उपयोग तुम्हाला नाही म्हणायलाच केला.

तुमची,
मुक्ता